विंटरबेरीला नवरा शोधताय? वाचकांचे प्रश्न, बागेची उत्तरं

मागच्या अंकात बर्फाच्या दिवसांतल्या बागेबद्दल लिहिताना विंटरबेरी हॉलीवर चार ओळी टाकल्या होत्या, की पानं गळून गेल्यावर नुसत्या काड्यांवर लालभडक बेरी लगडतात आणि अख्ख्या करड्या बागेत तेवढंच एक झुडूप नजरेत भरतं. त्या चार ओळींवर एवढी पत्रं आली की या वेळचा कॉलम सगळा तिच्यावरच. बरेच प्रश्न सारखे होते, ते एकत्र केलेत.

ताई, नमस्कार. तीन वर्षांपूर्वी विंटरबेरी लावली, झुडूप मस्त वाढलंय, पानं छान, उन्हाळ्याच्या सुरुवातीला बारीक पांढरी फुलंही येतात पण बेरी म्हणाल तर एक नाही. खत घातलं, पाणी घालतो, आता बायको म्हणते उपटून टाका. काय करू?

अहो उपटू नका, थांबा. मला आलेल्या पत्रांपैकी निम्मी तरी याच तक्रारीची आहेत आणि बहुतेक वेळा दोष झाडाचा नसतोच. विंटरबेरीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, आपल्या पपईसारखं. बेरी फक्त मादीला धरतात आणि त्यासाठी जवळपास नर फुललेला असावा लागतो, मधमाश्या त्याचे पराग मादीपर्यंत नेतात. तुमच्याकडे एकच झुडूप आहे म्हणजे दोनच शक्यता, एकतर ते नर आहे (मग त्याला जन्मात बेरी येणार नाहीत, खत घाला नाहीतर नवस करा) किंवा मादी आहे आणि एकटी आहे.

आता कोण आहे ते ओळखायचं कसं, तर फुलं येतील तेव्हा, म्हणजे साधारण जूनमध्ये, एक फूल हातात घेऊन नीट बघा, भिंग असेल तर उत्तम. मधोमध हिरवा गोल मणी दिसला तर मादी, तो मणीच पुढे बेरी होतो. मधे मणी नाही, पिवळे पराग लागलेले पुंकेसर वर आलेत आणि फुलं पानांच्या बेचक्यात झुबक्याने आहेत तर नर. मादीच्या फुलातही पुंकेसर असतात पण ते नावापुरते, त्यांच्यात पराग नसतात, त्यामुळे पुंकेसर दिसले म्हणून लगेच नर ठरवू नका, मणी बघा.

मादी निघाली तर नर आणा. साधारण 50 फुटांच्या आत लावला की काम होतं आणि एक नर पाच ते दहा माद्यांना आरामात पुरतो. नर काही बघण्यासारखा नसतो, त्याला मागे कोपऱ्यात कुठेतरी लावला तरी चालतं, समोरची जागा मादीची. आणि खत कमी करा हो, नायट्रोजन जास्त झालं की झुडूप पानं आणि फांद्या काढत बसतं.

नर आणायला नर्सरीत गेले तर तिथे दोन वेगवेगळ्या नावांचे नर होते, दुकानदार म्हणाला कुठलाही घ्या. खरंच कुठलाही चालतो का?

नाही चालत, आणि हे नर्सरीवाल्यांना माहीत असायला पाहिजे खरं तर. नर आणि मादी एकाच वेळी फुलले पाहिजेत, एवढी साधी गोष्ट आहे. विंटरबेरीच्या काही जाती लवकर फुलतात, काही उशिरा, त्यामुळे नर लवकरचा आणि मादी उशिराची घेतली की दोघं शेजारी उभे राहूनही भेट होत नाही.

लवकर फुलणारा नेहमीचा नर म्हणजे 'जिम डँडी', त्याच्याबरोबर 'रेड स्प्राइट' किंवा 'आफ्टरग्लो' लावा. उशिरा फुलणारा 'सदर्न जंटलमन', तो 'विंटर रेड' आणि 'विंटर गोल्ड'साठी. 'स्पार्कलबेरी' नावाची जी उंच जात आहे ती जपानी विंटरबेरी आणि आपल्या या विंटरबेरीचा संकर, अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटम या सरकारी वृक्षोद्यानाने 1973 मध्ये आणलेली, आणि तिच्यासाठी तिथूनच नंतर 'अपोलो' नावाचा नर आला, पण 'सदर्न जंटलमन'वरही तिचं भागतं. ठेंगण्यांमध्ये 'बेरी पॉपिन्स' आणि 'मिस्टर पॉपिन्स' अशी जोडीच मिळते, नावावरूनच कळतं, तिथे डोकं चालवावं लागत नाही.

माझं स्पष्ट मत, बिननावाचं रोप स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. लेबलवर नुसतं 'विंटरबेरी' लिहिलंय आणि नर का मादी याचा पत्ता नाही, असं रोप म्हणजे लॉटरी. घ्यायचंच असेल तर बेरी लागलेली असताना घ्या, तेव्हा निदान मादी आहे हे डोळ्यांनी दिसतं.

आणि अजून एक, कोणीतरी विचारलं होतं की बागेत सदाहरित हॉलीचा नर आहे तो चालेल का. भरवसा ठेवू नका. अमेरिकन हॉली, ब्लू हॉली या साधारणपणे विंटरबेरीच्या आधी फुलून मोकळ्या होतात.

माझ्याकडे जागा एकाच झुडपाची आहे. नराशिवाय काही जुगाड?

आहे ना. पहिलं, शेजाऱ्यांच्या बागेत डोकावा, त्यांच्याकडे योग्य नर असेल तर तुमचं काम फुकटात झालं, मधमाश्यांना कुंपण कळत नाही. आसपास ओलसर रान असेल तर तिथे जंगली विंटरबेरी असण्याचीही शक्यता आहे, ही मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलीच, कॅनडापासून खाली फ्लोरिडापर्यंत दलदलीच्या कडेने रानात वाढते.

दुसरं, एखाद्या ओळखीच्यांकडे नर असेल तर तुमची मादी फुललेली असताना त्याच्या फुललेल्या चार फांद्या कापून आणा, बादलीत पाणी भरून त्यात ठेवा आणि बादली मादीच्या बुडाशी ठेवा. मधमाश्या बाकीचं बघतात. फक्त हे दरवर्षी करावं लागणार. तिसरं, नर मोठ्या कुंडीत लावा आणि कुठेही सरकवून ठेवा. कुंडीतल्या मुळांना थंडी जास्त लागते, म्हणून कडाक्याच्या दिवसांत कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्या, आणि पाण्याकडे लक्ष, कुंडी वाळली की संपलं.

घराच्या मागे उताराचा कोपरा आहे, पावसाचं आणि बर्फ वितळल्याचं सगळं पाणी तिथे साठतं. आत्तापर्यंत तिथे लावलेलं प्रत्येक झाड सडलं. विंटरबेरी तगेल का? किती उंच होते, किती अंतर सोडायचं, ऊन किती पाहिजे, सगळं सांगा.

तुमचा कोपरा वाचून मला आनंदच झाला! बाकीच्या झाडांना जी जागा शिक्षा वाटते ती हिला माहेर. रानात ही दलदलीत, ओढ्याच्या कडेला वाढते, मुळं ओली राहिली तर तिची तक्रार नसते, चिकणमातीही चालते. छपराचं पाणी जिरवायला जे खोलगट वाफे करतात तिथेही लोक हिला मुद्दाम लावतात. तिला खरा त्रास होतो तो उलट बाजूने, म्हणजे कोरड्याने. फुलं ऐन भरात असताना किंवा बेरी बाळसं धरत असताना जमीन कडक वाळली की बारीक हिरवी फळं टपाटप गळतात, आणि मग हिवाळ्यात माणूस विचार करत बसतो की नर तर आहे मग बेरी का कमी. उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा तरी खोलवर पाणी द्या, विशेषतः पहिली दोन वर्षं.

ऊन जितकं जास्त तितक्या बेरी जास्त. अर्ध्या सावलीत झुडूप जगतं, वाढतंही, पण बेरी विरळ पडतात, आणि बेरीच नसतील तर या झुडपाकडे बघायचं कशासाठी, उन्हाळ्यात तर ते अगदीच साधं दिसतं. म्हणून निदान सहा तास ऊन बघा.

उंची जातीवर. 'विंटर रेड' सहा ते नऊ फूट, तेवढीच रुंद. 'रेड स्प्राइट' तीन ते पाच फुटांत थांबते. मोठ्या जातींना सहा-आठ फूट अंतर ठेवा, ठेंगण्यांना तीन-चार फूट पुरे. बुडातून फुटवे येतात आणि हळूहळू जाळी होते, मोकळी जागा असेल तर येऊ द्या, नको असतील तर मुळाशी कापा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा पण खोल तेवढाच, खोल गाडू नका. वर दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं नाहीतर पाइनच्या सालीचं आच्छादन, खोडाला न टेकवता.

आणि जागा ठरवायच्या आधी घरात या, ज्या खिडकीतून थंडीत बाहेर बघता तिथे उभे राहा आणि तिथून ठरवा. हिवाळ्यात बागेत कोण हिंडतंय, बघणार ते काचेतूनच. मागे गडद हिरवं काहीतरी असलं तर लाल रंग उठून दिसतो, इंकबेरी नावाची हॉलीच घ्या, ती सदाहरित आहे, तिलाही ओली आणि आम्लधर्मी जमीन चालते. लाल काड्यांचं डॉगवूडही ओल्यात छान येतं, पण अगदी शेजारी लावू नका, लालात लाल मिसळतो आणि दोन्ही फिके पडतात, असं माझं मत, करून बघणारे बघोत.

पानं पिवळी पडलीयेत पण शिरा हिरव्याच आहेत. पाणी कमी की जास्त?

पाणी नाही, माती. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे बहुधा लोह मिळत नाहीये. जमीन अल्कधर्मी असली की लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. विंटरबेरीला आम्लधर्मी माती लागते, पीएच साधारण 4.5 ते 6.5. आधी माती तपासून घ्या, अंदाजाने काही टाकू नका. पीएच थोडाच वर असेल तर बागेचं गंधक घालून उतरवता येतो, पण त्याला महिने लागतात. भिंतीच्या किंवा सिमेंटच्या फरशीच्या अगदी कडेला लावलं असेल तर तिथली माती चुन्याने अल्कधर्मी झालेली असू शकते, मग झुडूप हलवणं बरं. आणि सात-साडेसातच्या वर पीएच असलेल्या जमिनीशी दरवर्षी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही, तिथे दुसरं काही लावा.

पहिल्या कडक थंडीनंतर सगळी पानं काळी पडून गळाली. रोग आहे का?

नाही. पानझडी हॉली आहे ती, असंच करते. हॉली म्हटलं की काटेरी चकचकीत हिरवी पानंच डोळ्यांपुढे येतात म्हणून घाबरायला होतं. पानं गेल्यावरच बेरी दिसायला लागतात, नाहीतर त्या आत लपून असतात.

बेरी येतात पण नाताळाच्या आत पक्षी फस्त करतात. जाळी टाकू का? आणि मैत्रिणीकडे त्याच झुडपावर फेब्रुवारीपर्यंत टिकतात, ते कसं?

पक्ष्यांचं गणित आपल्या हातात नसतं ताई. रॉबिन, ब्लूबर्ड, सीडर वॅक्सविंग, मॉकिंगबर्ड, सगळ्यांना या बेरी लागतात. साधारणपणे ते आधी जास्त स्निग्धांश असलेली फळं संपवतात आणि विंटरबेरीत स्निग्धांश कमी म्हणून ती मागे ठेवतात, म्हणून पुष्कळ बागांमध्ये बेरी भर हिवाळ्यापर्यंत राहतात. पण वॅक्सविंगचा थवा एकदा उतरला की एका दुपारीत झुडूप साफ, तुमच्याकडे बहुधा तेच होतंय, मैत्रिणीच्या बागेवरून थवा गेला नसेल इतकंच.

जाळी मला आवडत नाही, पक्षी अडकतात आणि दिसतंही वाईट. त्यापेक्षा घरात सजावटीला ज्या फांद्या हव्या आहेत त्या आधीच कापून घ्या आणि बाकीच्या त्यांना सोडा. जागा असेल तर माद्या वाढवा. जातही बघा, 'विंटर रेड'च्या बेरी झाडावर टिकण्याबद्दल नावाजलेल्या आहेत.

फुलदाणीत ठेवायला फांद्या कधी कापायच्या, आणि छाटणीही तेव्हाच उरकली तर चालेल ना?

फांद्या पानं गळाल्यावर कापा. गंमत अशी की पाणी नसलेल्या फुलदाणीतही त्या बरेच दिवस राहतात, फक्त हीटरच्या झोतात ठेवू नका, बेरी सुरकुततात आणि सारखं हलवलं तर गळतात. बाहेर दाराशी रिकाम्या कुंडीतल्या ओल्या मातीत खोचून ठेवल्या तर थंडीत आणखी जास्त टिकतात.

खरी छाटणी मात्र हिवाळा संपता संपता, नवे कोंब फुटायच्या आधी. फुलं त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात, म्हणून तेव्हा कापलं तर नुकसान नाही. जुनी जाड खोडं बुडाशी काढा, दरवर्षी फार तर एक तृतीयांश. कुंपणासारखी कात्री चालवून जे गोल गरगरीत करतात, तेही ऐन उन्हाळ्यात, त्यांना माझा हात जोडून नमस्कार, कारण त्या कात्रीबरोबर त्या वर्षीच्या बेरीही जातात.

बेरीतल्या बिया काढून रोपं करता येतील?

येतील पण धीर किती आहे? बी खूप काळ झोपलेलं असतं, आधी उबदार ओलावा मग थंडी असं सगळं सोसून उगवायला दीड वर्षं किंवा जास्तही लागू शकतं, त्यानंतर फुलं यायला काही वर्षं, आणि तोपर्यंत नर का मादी कळत नाही. वर आईची जात जशीच्या तशी उतरत नाही. म्हणून जून-जुलैमध्ये कोवळ्या फांद्यांची चार-सहा इंचांची कलमं करा, खालची पानं काढा, मूळ फुटायची पावडर लावा, ओल्या परलाइट-पीटमध्ये (रोपांसाठी मिळतं ते हलकं, भुसभुशीत मिश्रण) खोचा आणि वरून प्लास्टिकची पिशवी. मूळ धरायला फार त्रास देत नाही ही. मादीची फांदी म्हणजे मादीच रोप, नराची म्हणजे नरच. फक्त पेटंट असलेल्या नव्या जातींची कलमं करायला परवानगी नसते, लेबल वाचा.

घरात दोन वर्षांचं मूल आणि कुत्रा आहे. बेरी विषारी आहेत असं ऐकलं.

खाण्याच्या नाहीतच. त्यात सॅपोनिन असतात, खाल्ल्या तर मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात, आणि जितक्या जास्त पोटात जातील तितका त्रास जास्त. पक्षी खातात म्हणून माणसाला चालतात असं अजिबात नाही. मुलाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी लावू नका, घरात आणलेल्या फांद्या उंचावर ठेवा आणि खाली पडलेल्या बेरी रोज झाडून घ्या. मुलाने किंवा कुत्र्याने खाल्ल्या असं वाटलं तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना किंवा व्हेटला फोन करा.

आमच्याकडे थंडी म्हणजे नावाला, बर्फ तर स्वप्नातच. तरी फोटो बघून हीच हवी आहे.

समजतं मला, पण नको. अमेरिकन कडाक्याच्या पट्ट्यांत मोजलं तर ही तिसऱ्यापासून नवव्या झोनपर्यंतची, उणे 40 सेल्सियस सोसणारी. तिला हिवाळ्यातली खरी झोप लागते, ती मिळाली नाही तर कुढत राहते. फ्रिजचा बर्फ मुळाशी टाकून बघू का असंही एकाने विचारलंय, नका हो. उष्ण भागात लाल बेरी हव्या असतील तर अर्डिसिया म्हणजे कोरलबेरी कुंडीत सावलीला छान येते, हिरव्या पानांखाली लाल मणी. पण ती जमिनीत लावू नका, अमेरिकेच्या दक्षिणेत ती रानात शिरून डोकेदुखी झालीय.

याच कारणासाठी सजावटीला आशियाई बिटरस्वीटचे वेलही आणू नका, दिसतात सुंदर पण त्याच्या बिया पक्ष्यांमार्फत पसरतात आणि तो वेल मोठमोठी झाडं आवळून मारतो.

पिवळ्या बेरीची विंटरबेरी असते का?

असते, 'विंटर गोल्ड'. 'विंटर रेड'च्याच एका फांदीवर आपोआप निपजलेली. बेरी अगदी पिवळ्या नाहीत, केशरी-सोनेरी. एखादी फांदी परत लाल बेरी द्यायला लागली तर ती बुडाशी कापा, नाहीतर हळूहळू लालच वरचढ होईल. एकटी लावण्यापेक्षा लाल झुडपांच्या पुढे लावा, नर तोच चालतो दोघींना.

गेल्या हिवाळ्यात बुडाची साल कोणीतरी कुरतडली. नवीन रोप लावतोय, कसं वाचवू?

ससे असणार, बर्फ साठला की तेवढेच वर पोहोचून कोवळी साल खातात. बारीक तारेची जाळी रोपाभोवती गोल उभी करा, खोडापासून चार-सहा इंच दूर, उंची नेहमी जेवढा बर्फ साठतो त्याहून दीड-दोन फूट जास्त, आणि खालची कड मातीत थोडी पुरा. हरणंही येतात अधूनमधून आणि ती वरून खातात, त्यांच्यासाठी पहिली काही वर्षं उंच कुंपण लागेल. जुनं झुडूप मात्र अजून टाकू नका, साल चहूबाजूंनी गोल सोलली गेली असेल तर तेवढी काडी जाईल, बुडातून वसंतात नवे फुटवे येतात का ते बघा.